आईला नव्या गोळीच्या ट्रायलमध्ये घालू का?

पत्र : ताई, माझी आई 52 वर्षांची. साडेतीन वर्षं झाली तिला संधिवात आहे, डॉक्टर आरए म्हणतात, म्हणजे रुमॅटॉइड आर्थरायटिस. आठवड्याला मेथोट्रेक्सेट 10 मिलीग्रॅमची गोळी आहे पण मळमळतं म्हणून मध्येमध्ये सोडते. सकाळी दीड-दोन तास बोटं आखडलेली असतात, भाकरी थापणं बंद झालंय. मोठ्या हॉस्पिटलात दाखवलं तर तिथे म्हणाले एका नवीन गोळीची ट्रायल चालू आहे, सांधा खाणारं एन्झाइम ब्लॉक करते, 24 आठवडे, सगळं फुकट, पण काहींना डमी, म्हणजे औषध नसलेली गोळी मिळेल. बाबा म्हणतात माझ्या बायकोचा उंदीर करायचा नाही. दादा म्हणतो एन्झाइमच सांधा खात असेल तर ते बंद केलं की झालं, सही करून टाका. गुरुवारपर्यंत सांगायचंय. गुडघ्यासाठी आई गावाकडची एक पुडी पण घेते, तिने तिला बराच फरक पडतो. काय करू? — एक मुलगी, कराड

उत्तर :

अगं, आधी त्या गुरुवारचं बघू. संमतीपत्रावर सही करायला विचार करण्याइतका वेळ मिळणं हा तुमचा हक्क आहे, कोणी उपकार करत नाहीये. तो चाळीस-पन्नास पानांचा फॉर्म घरी आण, मराठीतला माग, आणि गुरुवारी फक्त प्रश्न घेऊन जा, पेन नको. मी बरीच वर्षं मेडिकलच्या मुलांना औषधशास्त्र शिकवलं आणि काही वर्षं एका एथिक्स कमिटीवर, म्हणजे ट्रायलमध्ये माणसांवर अन्याय होत नाही ना हे बघणाऱ्या समितीवर बसले, त्यामुळे माझा कल आधीच सांगते, मी ट्रायलच्या विरोधात नाही. आज तुझी आई जी गोळी मध्येमध्ये सोडते ती कोणीतरी कधीतरी ट्रायलमध्ये घेतली म्हणूनच तिच्यापर्यंत पोचली.

आता दादाचं लॉजिक. त्याला हसू नकोस, कारण अगदी हेच लॉजिक जगातल्या भल्याभल्यांनी केलं होतं आणि त्यात तीसेक वर्षं गेली. गोष्ट सुरू होते बेडकापासून. बेडूकमाशाचा बेडूक होताना त्याची शेपूट जाते कुठे? ती तुटून पडत नाही, आतल्याआत विरघळते. 1962 साली अमेरिकेत जेरोम ग्रॉस आणि शार्ल लापिएर या दोघांनी त्या शेपटीच्या तुकड्यांतून एक एन्झाइम शोधलं, जे कोलॅजन कापतं. कोलॅजन म्हणजे आपल्या कातडीपासून कूर्चेपर्यंत (सांध्यातल्या हाडांवरची मऊ गादी) सगळ्याला बांधून ठेवणारा दोर, आणि तोपर्यंत शरीर हा दोर कापतं कसा हेच नीट कळलं नव्हतं. पुढे पाचेक वर्षांतच आरएच्या पेशंटच्या सांध्याच्या अस्तरातून पण तसंच एन्झाइम मिळालं. झालं! चोर सापडला, आता बेड्या बनवायच्या, असं सगळ्यांना वाटलं, आणि वाटणं साहजिकच होतं.

बेड्या बनवल्यापण. रोश कंपनीचं ट्रोकेड नावाचं औषध होतं, खास कोलॅजन कापणाऱ्या एन्झाइमवर नेम धरून बनवलेलं. प्राण्यांमध्ये कूर्चा वाचली, सगळे खूश. मग आरएच्या माणसांत ट्रायल झाली आणि सांध्याची झीज काही थांबली नाही, औषध गुंडाळलं. बायरचं टॅनोमास्टॅट तर गुडघ्याच्या झिजेसाठी, म्हणजे वयाने होतो त्या दुसऱ्या संधिवातासाठी, तपासत होते, ते 1999 मध्ये थांबवावं लागलं, कारण तेच औषध कॅन्सरच्या एका ट्रायलमध्ये दिलं होतं आणि तिथे औषधवाल्यांची हालत डमीवाल्यांपेक्षा वाईट निघाली. आणि सगळ्यात कहर म्हणजे मॅरिमास्टॅट. ते कॅन्सरसाठी होतं पण याच घराण्यातलं, आणि त्याचा मुख्य साइड इफेक्ट काय, तर खांदे धरणं, सांधे दुखणं, हात आखडणं. सांधा खाणारी एन्झाइमं बंद केली आणि सांधेच दुखायला लागले! गोळी बंद केली की कमी व्हायचं, पण विचार कर.

असं का झालं हे दादाला समजावून सांग, त्याला पटेल. एक म्हणजे चोर एक नाही, टोळी आहे. या घराण्यातली एन्झाइमं माणसात तेवीसेक आहेत, एकाला धरलं तर दुसरा कापतो, आणि सगळ्यांनाच धरलं तर पंचाईत, कारण हीच एन्झाइमं जखम भरताना, हाड जुळताना, रोजची जुनी ऊती काढून नवी घालताना कामाला असतात, मॅरिमास्टॅटमध्ये बहुधा तेच नडलं. दुसरं म्हणजे आरएमध्ये नुसती कूर्चा जात नाही, बाजूचं हाड पोखरतं, आणि ते काम करतात ऑस्टिओक्लास्ट नावाच्या हाड खाणाऱ्या पेशी, त्या आधी ॲसिड सोडून हाडातला चुना विरघळवतात आणि मग वेगळंच एन्झाइम वापरतात. कोलॅजन कापणाऱ्याला बेड्या घालून त्यांना काय फरक पडणार? आणि तिसरं, उंदरांच्यात हा आजार आपण मुद्दाम आणतो, काही आठवड्यांत भडकतो, औषध पण बहुतेक वेळा अगदी सुरुवातीला किंवा त्याच्याही आधी चालू केलेलं असतं. तुझ्या आईला साडेतीन वर्षं झालीयेत. उंदीर बरा झाला यावरून माणसाबद्दल फक्त आशा धरता येते, जास्त काही नाही.

(या घराण्यातलं एक औषध मात्र पास झालं, 1998 मध्ये, आणि ते कशासाठी, तर हिरड्यांसाठी. डॉक्सिसायक्लिन, तीच जुनी अँटिबायोटिक, पण 20 मिलीग्रॅम इतक्या कमी डोसमध्ये, जिथे ती जंतू मारत नाही, फक्त ते एन्झाइम दाबते. हे वाचून मेडिकलमधून आणायला कोणी जाऊ नका, सांध्यासाठी तिचं काही तसं सिद्ध झालेलं नाही.)

आता दादाला दुसरा धक्का दे. आई आधीपासूनच एन्झाइम ब्लॉक करणारी गोळी खातेय! मेथोट्रेक्सेट तेच करतं, फोलिक ॲसिडशी संबंधित एन्झाइम अडवतं. आणि हे औषध ज्या टीमने बनवलं तिचा प्रमुख आपलाच माणूस, यल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमावरमचा, अमेरिकेत लेडर्ली कंपनीत होता, 1948 ला गेला पण. तेव्हा ते रक्ताच्या कॅन्सरसाठी होतं, मोठ्या डोसमध्ये. आरएसाठी अमेरिकेत त्याला अधिकृत मंजुरी मिळाली 1988 ला. लेफ्लुनोमाइड नावाची गोळी डॉक्टर कधी बोलले असतील तर ती पण एन्झाइमच अडवते, वेगळं. म्हणजे बघ, सांधा प्रत्यक्ष कापणाऱ्या एन्झाइमला अडवणारी औषधं आपटली आणि ज्या पेशी हा सगळा गोंधळ घालतात त्यांच्या आतलं एन्झाइम अडवणारी चालली.

पेनकिलर पण एन्झाइम ब्लॉकरच असतात बरं का, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक वगैरे सगळ्या. सूज आणि दुखणं कमी होतं, सांध्याची झीज थांबत नाही. हे मला पुस्तकातून कळायच्या आधी मावशीकडून कळलं. आमची मोठी मावशी दहा वर्षं नुसत्या पेनकिलरवर होती, तिचे तेव्हाचे डॉक्टर म्हणायचे दुखत नाही ना मग झालं, आणि खरंच फार दुखायचं नाही तिला. बोटं मात्र एकेक करत करंगळीच्या बाजूला वळत गेली, शेवटी शेवटी तिला ब्लाउजचे हूक लावता यायचे नाहीत. दुखणं कमी होणं आणि सांधा वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे डोक्यात पक्कं ठेव, ट्रायलबद्दल विचारायचे अर्धे प्रश्न यातूनच निघतात.

तर तुमची ‘नवी गोळी’ नक्की कुठल्या एन्झाइमवर आहे ते आधी विचार. ‘सांधा खाणारं एन्झाइम’ हे हॉस्पिटलवाल्यांनी समजावं म्हणून सोपं करून सांगितलेलं असू शकतं. आजकाल या आजारात गोळी म्हटलं की ती जॅक नावाच्या एन्झाइमवरची असण्याची शक्यता बरीच. हे एन्झाइम काही कापत नाही. साइटवर कुदळ-फावडं मारणारे मजूर असतात आणि त्यांना हुकूम देणारा मुकादम असतो ना, तर जॅक म्हणजे मुकादमाला वरून येणारा फोन. बाहेरून ‘सूज वाढवा’ असा निरोप आला की जॅक तो पेशीच्या आत पोचवतो. फोनच कट केला की खोदकाम मंदावतं. टोफासिटिनिब ही त्यातली आरएसाठी अमेरिकेत मंजूर झालेली पहिली गोळी, 2012 ला, मग बॅरिसिटिनिब, उपाडासिटिनिब आल्या.

आणि या चालणाऱ्या गोळीचा पण ‘सांधा वाचला का’ हा हिशोब किती अवघड असतो ते ऐक, मला हा भाग फार आवडतो म्हणून जरा लांबवते. झीज मोजतात एक्स-रेवर. हाताचे आणि पायाचे एक्स-रे काढायचे, एकेक सांधा बघून हाडाला किती खड्डे पडलेत आणि दोन हाडांमधली फट किती कमी झालीय याला मार्क द्यायचे, सगळे मिळून 0 ते 448. शाळेसारखं नाही, इथे मार्क जितके कमी तितकं चांगलं. मार्क देणाऱ्याला हा पेशंट औषधाचा की डमीचा हे सांगत नाहीत, नाहीतर माणूस आहे, डोळे आपोआप हवं ते बघतात. टोफासिटिनिबची अशी एक मोठी ट्रायल झाली, 797 लोक, सगळे मेथोट्रेक्सेट चालू असलेले. सहा महिन्यांनी डमीवाल्यांची झीज सरासरी 0.47 मार्कांनी वाढली, 5 मिलीग्रॅमवाल्यांची 0.12 आणि 10 वाल्यांची 0.06. 448 पैकी! म्हणजे फरक इतका बारीक की 10 चा फरक आकडेशास्त्राने मान्य केला (म्हणजे नुसता योगायोग नसावा असं) आणि 5 चा नाही केला, आणि अमेरिकेत मंजुरी मिळाली ती नेमकी 5 च्या डोसला, दिवसातून दोनदा. आता हा आकडा बघून गोळी बोगस म्हणू नकोस. सूज-दुखणं-हालचाल यात किमान 20 टक्के सुधारणा हा जो निकष असतो तो 5 वाल्यांत साधारण निम्म्या लोकांनी गाठला, डमीत पावेक लोकांनी. हो, डमीत पण 25 टक्के लोक सुधारले, मेथोट्रेक्सेट चालूच होतं आणि दर महिन्याला कोणीतरी आस्थेने तपासतंय याचाही गुण असतोच.

एवढ्या कमी वेळात एवढी कमी झीज होते, मग फरक दिसणार कसा, हेच या ट्रायल करणाऱ्यांचं रडगाणं असतं. आणि जास्त वेळ डमीवर ठेवायचं तर ते पाप, कारण आरएमध्ये हाडाला खड्डे बऱ्याच जणांना पहिल्या एक-दोन वर्षांतच पडायला लागतात आणि पडलेला खड्डा काही सहसा भरून येत नाही. म्हणून त्या ट्रायलमध्ये डमीवर फरक न पडणाऱ्यांना तीन महिन्यांनी आणि उरलेल्या सगळ्यांना सहा महिन्यांनी खऱ्या गोळीवर घेतलं होतं. तुमच्या ट्रायलमध्ये हे कधी करतात, हा माझ्या मते तुझा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. 24 आठवडे डमी, मध्ये आई बिघडली तरी कोणी बघणार नाही, असं असेल तर मी सही करणार नाही. बाराव्या-सोळाव्या आठवड्याला तपासून बदलतात आणि मेथोट्रेक्सेट पूर्णवेळ चालू राहतं असं असेल तर बोलण्यासारखं आहे.

बाकीचे पण विचार. ही कितवी फेज आहे, म्हणजे आधी किती माणसांना दिलीय. हातापायाचे एक्स-रे काढणार का, का नुसतं ‘कसं वाटतंय’ विचारणार, कारण नुसतं तेच विचारणार असतील तर ती ट्रायल सांधा वाचतो का हे तपासतच नाहीये, फॉर्मवर काहीही लिहू दे. गोळी लागू पडली तर 24 आठवड्यांनंतर मिळत राहणार का आणि कोणाच्या पैशाने. रात्री दोन वाजता ताप आला तर फोन कोणाला करायचा. आणि सुरुवातीला टीबीची तपासणी, कावीळ बी आणि सीची तपासणी करतात का, जॅकवरच्या गोळ्यांनी दबलेला टीबी उठू शकतो, नागीण उठणं तर बरंच बघायला मिळतं. आपल्याकडे टीबी किती घराघरात आहे तुला माहितीये, तुमच्या घरात कोणाला झाला होता का ते आठवून सांगा, लाजू नका.

जोखमीचंही सांगते, लपवून काय उपयोग. टोफासिटिनिब बाजारात आल्यावर एक मोठी ट्रायल झाली, 4362 लोक, पन्नाशीच्या पुढचे आणि हृदयाचा किमान एक धोका असलेले, म्हणजे बीपी, शुगर, सिगारेट असं काहीतरी. साधारण चार वर्षांत हार्ट अटॅक-स्ट्रोकसारखे प्रकार टोफावाल्यांत 3.4 टक्के आणि तुलनेला दिलेल्या इंजेक्शनवाल्यांत 2.5 टक्के, कॅन्सर 4.2 विरुद्ध 2.9. म्हणून 2021 मध्ये अमेरिकेने जॅकवरच्या या गोळ्यांवर मोठी चेतावणी लावली. फरक दिसायला छोटा आहे पण तो कळायला गोळी बाजारात येऊन बरीच वर्षं जावी लागली. तुझी आई 52 ची आहे, तिला बीपी-शुगर आहे का ते तू लिहिलं नाहीस, डॉक्टरांना सांगायचं विसरू नकोस.

आता बाबा. बाबांना म्हणावं, उंदराला फॉर्म देत नाहीत आणि उंदीर मध्येच ‘मी घरी चाललो’ म्हणू शकत नाही. आई कधीही, कारण न देता बाहेर पडू शकते आणि त्याने तिचे नेहमीचे उपचार थांबता कामा नयेत. पण बाबांची भीती काही हवेतून आलेली नाही, आपल्या देशात पूर्वी ट्रायलच्या नावाखाली जे काही झालं त्यातूनच पुढे नियम कडक झाले. 2019 चे नियम आहेत, ट्रायलमुळे काही इजा झाली तर उपचार फुकट, भरपाई वेगळी, एथिक्स कमिटीचा संपर्क फॉर्मवर असायलाच हवा, सही केलेल्या फॉर्मची कॉपी घरी मिळायलाच हवी. आणि प्रत्येक ट्रायलची सीटीआरआय या सरकारी रजिस्टरमध्ये नोंद लागते, 2009 पासून सक्तीची आहे. नंबर माग, नेटवर टाकून बघ, दहा मिनिटांचं काम आहे. नंबर द्यायला टाळाटाळ केली तर तिथून सरळ उठून घरी या, बाबांना चहा द्या आणि म्हणा तुमचं बरोबर होतं.

माझं स्वतःचं मत विचारशील तर मी आत्ता सही करणार नाही, आणि कारण ट्रायल नाही, कारण तो 10 चा डोस. आईचं मेथोट्रेक्सेट फेल गेलेलं नाही, ते नीट दिलंच गेलेलं नाही. आरएमध्ये बऱ्याच जणांना 15 ते 25 पर्यंत न्यावं लागतं, हळूहळू, लिव्हर आणि रक्ताच्या तपासण्या करत, आणि खरा फरक दिसायला दोन-तीन महिने सलग लागतात. मळमळीवर उपाय आहेत, फोलिक ॲसिड चालू आहे का बघ, रात्री जेवल्यावर घेऊन बघता येतं, नाहीच जमलं तर त्याचं इंजेक्शन येतं ज्यात बऱ्याच जणांना मळमळ कमी होते. हे सगळं डॉक्टरांना विचारून हं, मनाने डोस वाढवायचा नाही, आणि ही गोळी आठवड्यातून एकच दिवस, चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते, असं झालेलंय. कॅलेंडरवर वार गोल करून ठेव. शिवाय ट्रायलवाले मेथोट्रेक्सेट काही आठवडे एकाच डोसवर स्थिर असलेलेच पेशंट बहुतेक वेळा घेतात, आणि मग आपण ‘हो हो नियमित घेते’ म्हणून खोटं सांगतो, त्यात आईचंही नुकसान आणि निकालाचंही. तीन महिने नीट घेऊन तरीही बोटं अशीच राहिली तर मग ट्रायल, किंवा बाजारातली गोळी, दोन्ही दारं उघडी आहेत. टोफासिटिनिब आता भारतातल्या बऱ्याच कंपन्या बनवतात, पूर्वीइतकी महाग राहिलेली नाही, हे पण धरून चला.

एक मात्र खटकलं. तुझ्या पत्रात बाबा काय म्हणतात आहे, दादा काय म्हणतो आहे, आई काय म्हणते ते एक ओळ नाही. सही तिची लागणार, गोळी ती गिळणार, रक्त तिचं काढणार. तिला समोर बसवून हे सगळं वाचून दाखव आणि मग ती काय म्हणते ते ऐक, ‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हणाली तरी लगेच सोडू नकोस.

आणि ती पुडी! तू पत्राच्या शेवटी हळूच सरकवलीस पण माझं सगळं लक्ष तिथेच गेलं. नाव नाही, लेबल नाही, घेतली की दोन दिवसांत फरक, अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड किंवा पेनकिलर कुटून घातलेलं निघतं, बऱ्याच वेळा निघालंय. असेल तर आईची खरी सूज किती हे कोणालाच कळत नाहीये, ना तुमच्या डॉक्टरांना ना ट्रायलवाल्यांना. आणि ती आपल्या मनाने एकदम बंदही करू नका, स्टेरॉइड बरेच दिवस चालू असेल तर एकदम तोडणं धोक्याचं असतं. गुरुवारी जाताना मेथोट्रेक्सेटची पट्टी, कपाटावर पडलेले जुने एक्स-रे आणि ती पुडी, तिन्ही एका पिशवीत घाल, आणि पुडी पहिल्यांदा काढून टेबलावर ठेव.